‘द जो रोगन एक्सपीरियन्स’ : गप्पांचा उत्तम कार्यक्रम, आरोग्याचा अविश्वसनीय सल्लागार

अमेरिकी विनोदवीर आणि मार्शल आर्ट्सच्या लढतींचे समालोचक जो रोगन यांचा ‘द जो रोगन एक्सपीरियन्स’ हा पॉडकास्ट गेली अनेक वर्षे जगात सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत गणला जातो. त्याच्याविषयी बहुतेक जण एक तर भक्तिभावाने बोलतात, नाही तर तिरस्काराने, आणि दोन्हींत कार्यक्रमाचे गुणदोष बाजूलाच राहतात. माझे मत आधीच सांगून टाकते. कुतूहल म्हणून, करमणूक म्हणून, एखाद्या माणसाची निवांत ओळख व्हावी म्हणून हा कार्यक्रम जरूर ऐकावा. लस, औषध, कर्करोग किंवा साथीचा आजार असा विषय निघाला की मात्र त्यावर विसंबू नये. या कार्यक्रमातले काही पाहुणे २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेत अधिकारपदांवर जाऊन बसले, तेव्हापासून हा इशारा श्रोत्याच्या खासगी आवडीनिवडीपुरता उरलेला नाही.

कार्यक्रम सुरू झाला डिसेंबर २००९ मध्ये, मित्रांबरोबरच्या गप्पा म्हणून. मे २०२० मध्ये संगीत आणि पॉडकास्ट ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय कंपनीने त्याचे एकाधिकार विकत घेतल्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी रोगन लॉस एंजेलिस सोडून टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेले. कराराची रक्कम आधी १० कोटी डॉलर सांगितली जात होती; ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०२२ मध्ये ती किमान २० कोटी असल्याचे छापले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा करार झाला, त्याची किंमत २५ कोटी डॉलरपर्यंत जाईल असे सांगण्यात आले, आणि तेव्हापासून कार्यक्रम यूट्यूब आणि ॲपलवरही मिळू लागला. श्रोत्याला तो फुकट ऐकता येतो, त्याची किंमत जाहिरातदार मोजतात.

रचना अगदी साधी आहे. एक टेबल, दोन खुर्च्या, दोन माइक, कानांवर हेडफोन आणि बाजूला संगणकावर बसलेले निर्माते जेमी व्हर्नन. बोलता बोलता एखादा मुद्दा अडला की रोगन जेमींना तो शोधायला सांगतात आणि शोधलेले पान पडद्यावर येते. संभाषण बहुधा अडीच-तीन तास चालते आणि त्यात कापाकापी जवळपास नसते. दूरचित्रवाणीवर चार मिनिटांत उरकल्या जाणाऱ्या मुलाखतींना कंटाळलेल्या माणसाला हे मोकळेपण किती सुखाचे वाटते, हे ऐकल्याशिवाय कळत नाही. रोगन चांगले श्रोते आहेत. न समजलेले ते सरळ विचारतात, आपले अज्ञान झाकत नाहीत, पाहुण्याला घाई करत नाहीत. गणिती-भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज किंवा ब्रायन कॉक्स यांच्यासारख्या माणसांना दीर्घकाळ बोलते करणे सोपे नाही, आणि रोगन ते करतात. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

आरोग्याच्या विषयातही या पद्धतीने एकदा मोठे काम केले आहे. १० मार्च २०२० रोजी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हणण्याच्या आदल्या दिवशी, मिनेसोटा विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ मायकेल ऑस्टरहोम रोगन यांच्यासमोर बसले होते. हा आजार काही आठवड्यांत संपणारा नाही, तो श्वासावाटे पसरतो, कोणाला धोका अधिक आहे, रुग्णालयांवर कसा ताण येईल, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले आणि पुढच्या काही महिन्यांत अमेरिकेत ४ लाख ८० हजारांवर मृत्यू संभवतात, असा अंदाज दिला. पुढे वर्षभरात तिथल्या मृत्यूंचा आकडा पाच लाखांच्या पलीकडे गेला. त्या दिवसांत सरकारी पत्रकार परिषदांत इतके स्पष्ट बोलणे ऐकू येत नव्हते. बातम्या न पाहणाऱ्या, डॉक्टरांच्या वाटेला सहसा न जाणाऱ्या लाखो तरुणांपर्यंत ही माहिती याच कार्यक्रमाने पोचवली. समोरचा माणूस जाणकार आणि प्रामाणिक असेल तर रोगन यांच्या पद्धतीतून किती चांगले निष्पन्न होते, याचा तो भाग नमुना आहे.

अडचण अशी, की समोरचा माणूस जाणकार नसेल, किंवा जाणकार असून अर्धसत्य सांगत असेल, तरी पद्धत तीच राहते. तोच मोकळेपणा, तेच कुतूहल, तीच मान डोलावणे. ऐकणाऱ्याला ऑस्टरहोम आणि एखादा भोंदू यांच्यातला फरक कळावा, अशी कोणतीही सोय कार्यक्रमात नाही.

घसरण एका दिवसात झाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये रोगन म्हणाले, की एखाद्या धडधाकट २१ वर्षांच्या मुलाने लस घेऊ का म्हणून विचारले तर मी नको म्हणेन. तरुणाला धोका कमी, म्हणून लस अनावश्यक, असा त्यांचा हिशेब होता. तो तरुण घरी जाऊन कोणाला संसर्ग देईल, हा भाग त्या हिशेबात नव्हता. टीका झाल्यावर त्यांनी आपण लसविरोधक नसल्याचे, अनेकांना लस घ्यायला सांगितल्याचे आणि आपण डॉक्टर नसून आपल्या बोलण्याला वजन देऊ नये असेही सांगितले. हा खुलासा मला अपुरा वाटतो. कोट्यवधींना सल्ला द्यायचा आणि तो अंगाशी आला की मी कोण सांगणारा म्हणायचे, ही सोय सल्ला ऐकून वागलेल्या माणसाला मिळत नाही.

१ सप्टेंबर २०२१ रोजी त्यांनी स्वतःला कोविड झाल्याचे जाहीर केले आणि घेतलेल्या उपचारांची यादी वाचली: मोनोक्लोनल अँटिबॉडीज, आयव्हरमेक्टिन, झेड-पॅक, प्रेडनिसोन, शिवाय शिरेतून जीवनसत्त्वे. काही दिवसांत ते बरे झाले. ही यादी सावकाश वाचण्यासारखी आहे, कारण पुढची सगळी गफलत तिच्यात दिसते. मोनोक्लोनल अँटिबॉडीज, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडे, त्या काळातल्या विषाणूवर खरोखर उपयोगी होत्या आणि अमेरिकेत त्यांना आपत्कालीन परवानगी होती. झेड-पॅक म्हणजे ॲझिथ्रोमायसिन. ते जिवाणूंवरचे औषध आहे, विषाणूवर त्याचा उपयोग नाही. प्रेडनिसोन हे स्टिरॉइड. स्टिरॉइडमुळे ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे प्राण वाचतात, हे ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्येच डेक्सामेथासोनच्या बाबतीत दाखवले होते. पण ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला त्याचा लाभ दिसला नव्हता. त्या वेळी रोगन ५४ वर्षांचे होते, नियमित व्यायाम करणारे होते, आणि अशा माणसांतले बहुतेक जण काहीही न घेता बरे होत होते. पाच-सहा गोष्टी एकदम घेऊन बरे झालेल्या माणसाला कशाने गुण आला, हे सांगताच येत नाही. तरी श्रोत्यांच्या लक्षात राहिले ते आयव्हरमेक्टिन.

इथे रोगन यांच्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे. सीएनएन या वृत्तवाहिनीवर त्यांच्या औषधाचा उल्लेख घोड्यांचे जंतनाशक असा झाला, आणि तो चुकीचा होता. आयव्हरमेक्टिन हे माणसांचेही औषध आहे. त्याच्या शोधासाठी विल्यम कॅम्बेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ चे नोबेल मिळाले, आणि रिव्हर ब्लाइंडनेस या अंधत्व आणणाऱ्या आजाराशी झगडणाऱ्या देशांना मर्क कंपनी ते १९८७ पासून मोफत देत आली आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सीएनएनचे डॉ. संजय गुप्ता कार्यक्रमात आले, तेव्हा रोगन यांनी याच मुद्द्यावर त्यांना पेचात पकडले आणि तसे म्हणायला नको होते, हे गुप्ता यांना मान्य करावे लागले. तो भाग ऐकताना रोगन यांचा राग रास्त वाटतो. परंतु वाहिनीने चुकीचा शब्द वापरला म्हणून औषध कोविडवर लागू पडते, असे होत नाही, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात नेमकी हीच सरमिसळ झाली. पुढे ब्राझीलमधल्या टुगेदर चाचणीत १,३५८ रुग्णांवर आयव्हरमेक्टिन तपासले गेले. मार्च २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटले नाही. अमेरिकेतल्या ॲक्टिव्ह-६ चाचणीचाही निष्कर्ष तसाच निघाला. या चाचण्यांना त्या यादीएवढा प्रकाश या कार्यक्रमात कधी मिळाला नाही.

मग आला ३१ डिसेंबर २०२१ चा भाग, ज्यात डॉ. रॉबर्ट मॅलोन पाहुणे होते. संपूर्ण कार्यक्रमाचा कस लावायचा तर याच भागावर लावावा. मॅलोन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू, पेशींत पोचवण्यावर खरोखरचे संशोधन केले होते. त्या आधारावर ते स्वतःला कोविडच्या काही लशींमागच्या या तंत्राचे जनक म्हणवतात. प्रत्यक्षात ते सुरुवातीच्या अनेकांपैकी एक होते; हे तंत्र माणसाला सोसेल असे करणारा कळीचा शोध कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा, ज्यासाठी त्यांना पुढे २०२३ मध्ये नोबेल मिळाले. मॅलोन यांनी त्या भागात लशींच्या धोक्यांविषयी भडक दावे केले आणि समाजाला सामूहिक संमोहनासारखे काही झाले आहे, असे सांगत नाझी जर्मनीचा दाखला दिला. रोगन यांनी त्यांना फारसे कुठे अडवले नाही.

त्या दिवशी काय विचारता आले असते? लशीनंतरच्या त्रासांच्या आकड्यांचेच घ्या. अमेरिकेत अशा तक्रारी व्हेअर्स नावाच्या नोंदवहीत जमा होतात. तिथे कोणीही नोंद करू शकतो आणि लशीनंतर घडलेली कोणतीही गोष्ट, लशीमुळे घडली असो वा नसो, नोंदवता येते. ही व्यवस्था धोक्याची पहिली चाहूल लागावी म्हणून आहे. चाहूल लागल्यावर इतर मार्गांनी शहानिशा होते. जॉन्सन अँड जॉन्सनच्या लशीनंतर होणाऱ्या दुर्मीळ रक्ताच्या गुठळ्यांचा माग एप्रिल २०२१ मध्ये याच व्यवस्थेतून लागला आणि लस काही दिवस थांबवण्यात आली. म्हणजे शासन धोके दडपते, या आरोपाला उत्तर देणारे उदाहरण हाताशी होते. ते मांडणारे मात्र त्या खोलीत कोणी नव्हते. जेमींचा संगणक बाजूलाच होता, पण काय शोधायचे हे ठाऊक असणारा माणूस लागतो.

जानेवारी २०२२ मध्ये २७० डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि प्राध्यापकांनी स्पॉटिफायला खुले पत्र लिहिले. त्यात कार्यक्रम बंद करण्याची मागणी नव्हती, चुकीच्या माहितीबाबत कंपनीचे स्पष्ट धोरण असावे एवढीच होती. पाठोपाठ गायक नील यंग यांनी आपली गाणी स्पॉटिफायवरून काढून घेतली, मग जोनी मिचेल यांनीही. हे दोघे कॅनडाचे, आणि दोघांनाही लहानपणी, लस येण्यापूर्वीच्या काळात, पोलिओ झाला होता. त्यांचा निर्णय कलावंतांचा लहरीपणा म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती. स्पॉटिफायने कोविडवरील भागांना सूचना जोडण्याचे जाहीर केले, आपले नियम प्रसिद्ध केले आणि मॅलोन यांचा भाग तसाच ठेवला.

त्याच महिन्यात कार्यक्रमात एक प्रसंग घडला, जो मी या परीक्षणाच्या वाचकांना आवर्जून पाहायला सांगेन. ऑस्ट्रेलियन निवेदक जॉश झेप्स पाहुणे होते. तरुण मुलांना लशीमुळे मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूचा दाह होतो, असा मुद्दा रोगन यांनी काढला. झेप्स म्हणाले, की तो कोविडमुळेही होतो आणि त्याचे प्रमाण लशीपेक्षा अधिक आहे. रोगन यांना ते पटले नाही. जेमींनी शोधले, पान पडद्यावर आले आणि त्यावरचा मजकूर झेप्स यांच्या बाजूने निघाला. रोगन यांचा चेहरा, मजकूर पुन्हा वाचणे, आपण काही वेगळेच वाचल्याचे सांगणे, हे सगळे कॅमेऱ्यासमोर घडले, आणि नंतर त्यांनी समाजमाध्यमावर झेप्स यांच्याविषयी दिलदारपणे लिहिले, हेही नमूद करायला हवे. विषय तसा गुंतागुंतीचाच आहे: तरुण पुरुषांमध्ये काही लशींच्या दुसऱ्या मात्रेनंतर हा धोका इतका ठळक होता, की स्वीडन आणि फिनलंड यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये तरुणांसाठी मॉडर्नाची लस थांबवली होती. म्हणूनच असा विषय एका माणसाच्या आठवणीवर सोडून चालत नाही. झेप्स काही डॉक्टर नाहीत. समोरचा माणूस ‘थांबा, हे तपासू या’ म्हणाला, एवढ्यानेच संभाषणाची जात बदलली. या कार्यक्रमाला हेच हवे आहे आणि हेच तो क्वचित करतो.

स्पॉटिफायवरून झालेल्या या वादानंतर रोगन यांनी चित्रफितीतून सांगितले होते, की वादग्रस्त पाहुण्यानंतर लगेच वेगळ्या मताचा तज्ज्ञ बोलवायला आपली तयारी आहे आणि आपण अधिक अभ्यास करून बसू. हे वचन त्यांनी सातत्याने पाळल्याचे दिसत नाही.

पैशाचा मुद्दाही थोडक्यात नोंदवते. लशी बनवणाऱ्या कंपन्यांच्या नफेखोरीवर या कार्यक्रमात सतत बोट ठेवले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. औषध कंपन्यांनी अमेरिकेत मोठमोठे दंड भरले आहेत. पण रोगन स्वतः ऑनिट या पूरक आहाराच्या गोळ्या-पावडरी विकणाऱ्या कंपनीचे सहसंस्थापक होते, आणि २०२१ मध्ये ती युनिलिव्हरने घेतली. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यानुसार अशा पूरकांचा उपयोग होतो हे विक्रीआधी सरकारला सिद्ध करून दाखवावे लागत नाही, तर लशीला हजारो स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांतून जावे लागते. हितसंबंधांविषयीचा संशय दोन्हीकडे सारखा लावला जात असता, तर या टीकेला वजन आले असते.

जून २०२३ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर आले. ते तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत होते आणि त्याआधी अनेक वर्षे लसविरोधी चळवळीचे प्रमुख नेते होते. लस टिकवण्यासाठी तिच्यात घातल्या जाणाऱ्या थायमेरोसल या पारायुक्त द्रव्याचा ऑटिझमशी संबंध जोडणारी आपली जुनी मांडणी त्यांनी पुन्हा केली. थायमेरोसल अमेरिकेत २००१ पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लशींतून काढले गेले होते, फ्लूच्या काही लशींचा अपवाद वगळता. त्यानंतर ऑटिझमच्या निदानांचा आलेख खाली यायला हवा होता, तो वरच जात राहिला. गोवर-गालगुंड-रुबेला लशीवरचा संशय अँड्र्यू वेकफिल्ड यांच्या १९९८ च्या १२ मुलांवरील लेखातून पसरला, आणि तो लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस आणि ऑटिझम यांचा संबंध आढळला नाही. ही माहिती कोणत्याही गुप्त दप्तरात नाही. मुलाखतीपूर्वी एक दुपार वाचनात घातली असती, तर हे प्रश्न विचारता आले असते.

ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातले लसशास्त्रज्ञ पीटर होटेझ यांनी या भागावर टीका केली, तेव्हा रोगन यांनी त्यांना केनेडींशी वाद घालण्याचे आव्हान दिले आणि त्यासाठी धर्मादाय संस्थेला १ लाख डॉलर देऊ केले. इतर धनिकांनी त्यात भर घातली. होटेझ याआधी दोनदा कार्यक्रमात येऊन गेले होते आणि पुन्हा रोगन यांच्याशी बोलायला तयार होते, केनेडींशी जाहीर वाद घालायला मात्र त्यांनी नकार दिला. त्यानंतर त्यांच्या घरासमोर माणसे येऊन त्यांना जाब विचारू लागली. नकाराला अनेकांनी पळपुटेपणा म्हटले. मला तो योग्य वाटतो. एका वाक्यात ठोकून दिलेला दावा खोडायला पाच अभ्यास समजावून सांगावे लागतात, आणि तोवर समोरच्याचे दहा दावे झालेले असतात. अशा सामन्यात ज्याचे वक्तृत्व दांडगे, तो जिंकतो. खोडून काढण्याचे काम निवेदकाने आधी तयारी करून करायचे असते. ते पाहुण्याच्या गळ्यात मारायचे नसते.

राजकारणाविषयी रोगन यांची भूमिका सुरुवातीला ठरीव नव्हती. जानेवारी २०२० मध्ये ते डाव्या विचारांचे नेते बर्नी सँडर्स यांना मत देण्याच्या गोष्टी करत होते. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांची सुमारे तीन तासांची मुलाखत आली आणि यूट्यूबवर ती काही दिवसांतच तीन कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली. कमला हॅरिस यांच्या प्रचारयंत्रणेशीही बोलणी झाली, पण रोगन यांनी प्रवास करून यावे आणि मुलाखत तासाभराची असावी, ही अट त्यांना मान्य झाली नाही. मतदानाच्या आदल्या दिवशी त्यांनी ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला. त्यांना तो अधिकार आहे. नागरिक म्हणून कोणालाही असतो. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे वाक्य त्या तीन तासांतले आहे. केनेडींना सरकारमध्ये घेणार हे पक्के आहे का, असे रोगन यांनी ट्रम्प यांना थेट विचारले आणि ट्रम्प यांनी होकार दिला. त्या क्षणी रोगन पाहुण्याच्या मतांचे कुतूहल असलेले निवेदक राहिले नव्हते, ते एका पाहुण्यासाठी दुसऱ्याकडे शब्द टाकत होते.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी सिनेटने ५२ विरुद्ध ४८ मतांनी केनेडींना आरोग्यमंत्री म्हणून संमती दिली. जूनमध्ये त्यांनी लसीकरणाविषयी सरकारला सल्ला देणाऱ्या समितीचे १७ ही सदस्य एकदम काढून टाकले. दोन दिवसांनी आठ नवी नावे आली आणि त्यांत रॉबर्ट मॅलोन होते. ही समिती ज्या लशींची शिफारस करते, त्यांवर अमेरिकेत विमा कंपन्यांनी खर्च द्यायचा की नाही आणि गरीब मुलांना त्या मोफत मिळायच्या की नाही, हे ठरते. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या दाव्यांना ऑस्टिनच्या स्टुडिओत कोणी आडवा प्रश्न विचारला नव्हता, ते करणारा माणूस आता या निर्णयात मत देणार होता. कार्यक्रमाने त्यांना नेमले असे मी म्हणत नाही. पण कोट्यवधी लोकांना ही नावे विश्वासार्ह वाटू लागली, त्यात त्या स्टुडिओचा वाटा नाकारता येणार नाही.

आणि कार्यक्रम बदललेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये अभिनेते मेल गिब्सन यांनी आपल्या तीन मित्रांचा चौथ्या टप्प्यातला कर्करोग बरा झाल्याचे सांगितले आणि बोलण्यात आयव्हरमेक्टिन आणि फेनबेंडाझोल ही नावे आली. फेनबेंडाझोल हे जनावरांचे जंतनाशक आहे. ते स्वतःच्या मनाने घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मित्रांना कोणता कर्करोग होता, आणखी कोणते उपचार चालू होते, निदान कोणी केले, यांपैकी काहीही कसोशीने विचारले गेले नाही. कर्करोगाचा रुग्ण आणि त्याचे नातेवाईक अशा वेळी किती अगतिक असतात, कोणत्याही आशेला कसे धरतात, हे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला ते बोलणे शांतपणे ऐकवत नाही.

मार्च २०२५ मध्ये डॉ. सुझान हंफ्रीज आल्या. पोलिओ लशीमुळे आटोक्यात आला हे त्यांना मान्य नाही. त्या डीडीटी या कीटकनाशकासारख्या विषारी द्रव्यांकडे बोट दाखवतात. अमेरिकेत १९५२ मध्ये पोलिओचे ५७ हजारांवर रुग्ण नोंदले गेले. एप्रिल १९५५ मध्ये साल्क यांच्या लशीला परवाना मिळाला आणि पुढच्या काही वर्षांत रुग्णसंख्या कोसळली. डीडीटीवर बंदी आली ती १९७२ मध्ये, म्हणजे पोलिओ जवळजवळ नाहीसा झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. एवढे एक साल जेमींनी पडद्यावर आणले असते, तरी चर्चेला वेगळे वळण लागले असते. हा भाग प्रसारित होत होता तेव्हा त्याच टेक्सास राज्याच्या पश्चिम भागात गोवराची साथ चालू होती. ऑगस्टमध्ये ती संपल्याचे जाहीर झाले, तोवर राज्यात ७६२ रुग्ण नोंदले गेले होते आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली होती. तिथला लसनकार रोगन यांच्या कार्यक्रमाहून जुना आहे, त्याचा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण त्या आठवड्यांत, त्या राज्यात, जगातल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावरून गोवराच्या लशीविषयी काय सांगायला हवे होते, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

रोगन यांचे चाहते म्हणतात, की तो विनोदवीर आहे, पत्रकार नाही; ऐकणारे मोठे आहेत, त्यांना आपले भले कळते. या युक्तिवादाचा पहिला भाग २००९ मध्ये खरा होता. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ज्याच्या दारी येतात आणि मंत्रिपदाची खात्री ज्याच्या टेबलावर दिली जाते, त्याला ही ढाल पुरत नाही. दुसऱ्या भागाविषयी एवढेच, की मोठ्या माणसालाही निर्णय घ्यायला दोन्ही बाजू लागतात, आणि तीन तासांत त्याला एकच ऐकवली जाते. वृत्तपत्र चूक झाली की दुरुस्ती छापते. या कार्यक्रमात जुन्या भागावर नंतर कळलेल्या गोष्टींची साधी टीपही जोडली जात नाही. २०२१ चा दावा आज ऐकणाऱ्याला तो जसाच्या तसा, ताज्यासारखा ऐकू येतो.

दीर्घ गप्पांतून आरोग्यविषयक माहिती देताच येत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्यांनी ‘धिस वीक इन व्हायरॉलॉजी’ ऐकून पाहावा. कोलंबिया विद्यापीठातले विषाणुशास्त्रज्ञ विन्सेंट राकानिएलो यांनी तो २००८ मध्ये, म्हणजे रोगन यांच्याही आधी सुरू केला. तिथेही तासन्‌तास बोलणे चालते, विषयांतर होते, हसणे-खिदळणे होते. फरक असा, की टेबलाभोवती तीन-चार जाणकार असतात, शोधनिबंध समोर असतो, एकाने घाईने काही म्हटले की दुसरा त्याला तिथेच थांबवतो. डॉ. डॅनियल ग्रिफिन त्यात रुग्णांवरच्या उपचारांचा आढावा घेतात आणि कोणते औषध आजाराच्या कोणत्या दिवसापर्यंत द्यावे, कोणते देऊच नये, हे पुराव्यासकट सांगतात. भाषा कधी कधी जड होते, सुरुवातीला नावे लक्षात राहत नाहीत, आणि रोगन यांच्या आवाजातली ऊब तिथे नाही. भागाच्या शेवटी श्रोत्यांची पत्रे वाचली जातात. त्यांत शंका असतात, तक्रारी असतात, चूक दाखवणारीही असतात, आणि तीही वाचून त्यांना उत्तर दिले जाते.